कोपर

जानेवारीत लष्करात नऊ वाजेपर्यंत काही दिसत नाही.
धुक्यात स्कूटीचा दिवा लावून
नया बाजारातून जीवाजीगंजात आले,
पिशवीत टॅब, टॅबमध्ये सव्वीस प्रश्न,
हातमोज्यांत बधिर बोटं.

तारकुंडे बाईंच्या अंघोळीची वेळ होती.
चाळीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी.
झटका आल्यापासून
एकच शब्द उरलाय तोंडात: सात.
तहान लागली की सात, पडदा सरकवायचा तर सात,
मुलाचा फोन आला की सात, सात, सात.

रामकली कुशवाह, वय बत्तीस, पाचवी पास.
नखं कापलेली, बांगड्या उतरवून खिडकीत ठेवलेल्या.
साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.
मी सेकंद मोजतेय हे तिला कळत होतं,
म्हणून जरा जास्तच धुतले.
चाकाच्या खुर्चीचे ब्रेक. रबरी चटई.
हीटर न्हाणीघराबाहेर, वायर कोरडी.
आधी सांगते, मग हात लावते:
"माताजी, अब बायाँ कंधा."
सगळं अंग झाकलेलं ठेवून
तेवढाच खांदा उघडते, पुसते, पुन्हा झाकते,
थंडीत पोळ्यांचा डबा उघडावा तशी.

उजव्या दंडावर निळा डाग होता.

टॅबवर लाल चौकट उघडली.
प्रश्न एकवीस: रुग्णाशी एकांतात बोला.
रामकलीला बाहेर पाठवलं, दार लावलं,
स्टूल ओढून विचारलं,
बाई, ही नीट वागवते ना तुम्हाला?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
पहिल्या बाकावरच्या ढ मुलीकडे पाहावं तसं.
सात, म्हणाल्या.
कुठला सात, मला कळेना.
चौकटीत फक्त हो आणि नाही.

दाराबाहेरून आवाज आला,
"दीदी, पाँव ठंडे हैं उनके. मोजे पहना दो."
चढवले.
सात, म्हणाल्या बाई. हा वेगळा होता.
एकवीस रिकामा ठेवून दार उघडलं.

रामकलीने भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली.
नऊ तारखेच्या चौकोनात, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी
पेन्सिलीने, वाकडंतिकडं:
रात दो बजे. पलंग की पट्टी लगी. दायाँ बाजू, नील.
भैया को फोन किया.
दहा: नील. अकरा: नील. बारा: हल्का.
आमच्या फॉर्मात याला नोंदवही म्हणतात.
मी हो केलं.

सतरा राहिला होता.
पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजता का?
ती हसली, कोपर दाखवलं.
"तीन बच्चे इसी से नहलाए, दीदी."

मी नाही केलं.
तिचा चेहरा उतरला. बादलीकडे बघत राहिली.
तिला कसं सांगू,
सतरावा प्रश्न माझ्यामुळे आलाय.
बारा वर्षांपूर्वी, असंच धुकं, दाल बाजार.
सायकलवरून गारठून पोहोचले.
स्वेटरची बाही वर न सरकवताच
कोपर टेकवल्यासारखं केलं, कोमट वाटलं,
आणि बिवलकर आजोबांचे पाय घमेल्यात ठेवले.
साखरेचा आजार. त्यांनाही काही जाणवलं नाही.
मुरैन्याची गजक कुणाकडची चांगली
यावर आम्ही दोघं वाद घालत बसलो.
टिपताना कातडी टॉवेलबरोबर आली.

थंडीत कोपराला कळत नाही, एवढंच म्हटलं.
पिशवीतला माझा थर्मामीटर तिच्या हातात दिला.
हरवला तर पगारातून कापतील, हेही म्हटलं.
(कापत नाहीत.)
तिने तो बादलीत धरला, थांबली,
आकडा मोठ्याने वाचला, बाईंना ऐकवत:
"सैंतीस, माताजी."

सात, म्हणाल्या बाई.
आणि तो खरंच तिथे होता, तिनाच्या शेजारी.

जिन्यात मुलाचा फोन आला, बंगळूरहून.
किती मिळाले?
सव्वीसातले चोवीस, म्हटलं.
दोन कुठे गेले? आईचाच मुलगा.
एक पाण्यात गेला.
एकाचं उत्तर तुमच्या आईंनी दिलंय,
मला अजून तपासता आलेलं नाही.