दगड हलवताना

सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच.
स्टँड तळवलीच्या वेल्डरकडून करून घेतला.
त्यानं विचारलं, वर काय बांधणार, म्हैस?
म्हटलं, मासे.
तो हसला.
त्याला जॅक डेम्प्सी माहीत नव्हता.

मला तरी कुठे होता.
पहिल्या वर्षी दोनच ठेवले,
जागा भरपूर आहे, राहतील गुण्यागोविंदानं.
जागा भरपूर असली की भांडण ऐसपैस होतं, हे नंतर कळलं.
एकानं दुसऱ्याला फिल्टरच्या पाइपामागे
अकरा दिवस उभा धरला.
बाराव्या दिवशी जाळीनं काढला तेव्हा
शेपटीच्या जागी नुसत्या काड्या.

मग शिकलो.
दोन नाही, चौदा ठेवायचे.
राग वाटला गेला पाहिजे प्रसादासारखा,
ज्याला त्याला चिमूटभर,
कुणा एकाच्या ओंजळीत सगळा पडता कामा नये.
दगड असे रचायचे की या टोकाच्याला त्या टोकाचा दिसू नये.
खाणं एकदम तीन ठिकाणी टाकायचं.
आणि नवा कुणी येणार असेल
तर आधी सगळ्यांचे सगळे दगड उचलायचे.

आज तेच चाललंय.
पलीकडच्या बिल्डिंगमधले वेंकटरमण बदली होऊन कोइमतूरला निघालेत,
त्यांचा ग्रीन टेरर आमच्या बादलीत,
उडी मारू नये म्हणून झाकणावर पोळपाट.
मी बनियनवर, काखेपर्यंत पाण्यात.
ऑस्कर, ज्याला आम्ही सरपंच म्हणतो,
आपल्या दगडाबरोबर वरपर्यंत आला,
माझ्या मनगटाला धडका देत,
पाणी संपलं तिथे थांबला.

दादा खुर्चीत. मोतीबिंदू काढल्यापासून
त्यांना सगळं जास्तच स्वच्छ दिसतं.
ज्यांनी खाडीत जिताडे धरले
त्यांना न खायचे मासे पाळणं आधीच पटत नाही.
'सगल्यांचीच घरा मोरलीस. कला रं?'

मी समजावलं.
सगळ्यांचीच मोडली, की कुणीच आधीचा राहत नाही.
जो तो आजच आलेला.
मग नव्याला मारायला फुरसत कुणाला?
आपापला कोपरा शोधतात बिचारे.

दादा म्हणाले, 'आमच्याकरं बी आलं व्हतं असंच.
फीत घेवून.'
त्यांनी खिडकीकडे बोट केलं नाही.
खिडकीबाहेर सेक्टर आहे, त्याला आकडा आहे,
मी त्या आकड्यातच शाळेत गेलो,
साडेबारा टक्क्यांतल्या या घराचा हप्ता नाही, भाडं येतं,
त्यातूनच तर हा हीटर, हे दोन फिल्टर.
दादांना आकड्याच्या खालच्या खाजणाचं नाव माहीत आहे.
दर वेळी सांगतात.
दर वेळी मी विसरतो.

'राहिलेच ना पण सगळे,' मी म्हटलं.
'राहिलं,' दादा म्हणाले, आणि चहा मागितला.

रात्री दिवे घालवून बादली कलती केली.
ग्रीन टेरर सरळ मडक्यात शिरला.
कॉन्व्हिक्टची जोडी नव्या कपारीत,
बाकीचे काचेला नाक लावून अंदाज घेत.
कुणी कुणाला हात लावला नाही.
माशांच्या बाबतीत हात म्हणू नये, पण तसंच.

दादांनी टॉर्च मारला.
'तो बग.'

सरपंच टाकीच्या मधोमध,
जिथे त्याचा दगड होता तिथल्या उघड्या वाळूवर,
पंख हलवत नुसता उभा.
डावीकडे त्याच्यासाठी मी मोठी गुहा केली होती,
आधीच्या दुप्पट.
तिकडे ढुंकून पाहत नव्हता.

'त्याला म्हाईत हाय,' दादा म्हणाले.

मी बाही सरसावली. मग खाली सोडली.
वहीत तारीख घातली:
तीस टक्के पाणी बदललं, तापमान सत्तावीस,
नवा एक, मारामारी नाही.
खाली जागा उरली होती.
विचारलं, दादा, त्या खाजणाचं नाव काय म्हणालात?

'कुठल्या?' दादा म्हणाले.