शेरा

भुसावळहून यावलकडे जाताना, केळीच्या मळ्यांत,
पांढऱ्या झडपांची पेटी.
फिरके काका निवृत्त होताना म्हणाले,
"पारा वाचताना श्वास रोखून धर, पोरी.
तुझ्या श्वासानंही तो चढतो."

हे खोरं म्हणजे लांबट परात.
वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग,
आणि सह्याद्री ढग पिळून घेतो,
चोथा तेवढा इकडे धाडतो.
तापीच्या नावातच ताप.
तो आजचा नाही.

म्हणून जुन्या वह्यांतही पंचेचाळीस आहे,
सेहेचाळीसही.
मी दिवस शोधतच नाही,
रात्री शोधते.
काकांच्या बारीक अक्षरातल्या जानेवारीच्या रात्री,
सहा, साडेसहा, "निसवण रखडली";
एप्रिलच्याही,
अंगणात खाट टाकली की पहाटे गोधडी लागायची.
आता पहाटेही भिंतीला हात लावत नाही.
गोधडी आभाळानंच पांघरलीय.

क्षितिजाशी दीपनगरचं धुराडं.
बाबांनी तिथं बत्तीस वर्षं कोळसा मोजला.
माझं भौतिकशास्त्र त्यातलंच,
या चपलाही.
धूर इथं थांबत नाही,
नावं उच्चारता न येणाऱ्या शहरांच्या धुरात
मिसळून जातो,
मग कुणाचा कुठला, कोण निवडणार?

वहीचा शेवटचा रकाना, शेरा.
काकांनी लिहिलंय: धूळ. गारा. निरंक.
मी पेन उघडून बसते.

रात्री बाबांचा फोन. "आज किती गं?"
मी आकडा सांगते.
ते बराच वेळ बोलत नाहीत.
मागं पंखा ऐकू येतो.