उलटा मु

त्या साली चिल्लर कुठं गेली, कुणालाच कळलं नाही.
एस्टीचा कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून द्यायचा,
सेलूच्या मोंढ्यात किराणावाला
पाच पैशांऐवजी काडेपेटी सरकवायचा.
घरात काड्याच काड्या, चूल तेवढी एकच.

मुंजाजी गिरामनं मग डालड्याचे डबे काढले.
खाजाभाई कलईवाल्यानं दोनशे गोल पाडले,
कडा घासल्या, मधोमध ठसा मारला: मु.
ठसा उलटा कोरायचा असतो.
खाजाभाईनं सरळ कोरला,
म्हणून पत्र्यावर उलटा उमटला.
मुंजाजी म्हणाला, ऱ्हाऊ द्या,
चहा काय उलटा होत नाई.

एक बिल्ला, एक कट.
पंधरवड्यात बिल्ला हॉटेलाबाहेर पडला.
दोन बिल्ल्यांत दाढी,
शेवंताबाईकडं एका बिल्ल्याला मूठभर मिरच्या, वर कोथिंबीर.
दर्ग्याच्या पेटीत सात निघाले, मारुतीपुढं तीन;
मुंजाजीनं दोन्हीकडं किटली धाडली, मोजून.
पोस्टमास्तर म्हणायचा, सरकारला हे चालत नाही,
आणि चहा पिऊन खिशातून तोच काढायचा.

मी तिथं कपबशा विसळायचो.
तिसरी शिकलेला, म्हणून रात्री गल्लाही मोजायचो.
आठवडी बाजाराच्या रात्री भरले
दोनशे अकरा.

मुंजाजीनं कंदिलापाशी एकेक धरला.
अकरांवरचा मु सरळ होता,
खिळ्यानं टोचटोचून काढलेला,
पाटीवर गिरवतात तसा, उकार नीट वळवलेला.

माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही.
"गावाला अकरा कप जास्त लागले म्हण,"
एवढं बोलून सगळे एकाच डब्यात ओतले.
सकाळी माझ्या हातात कुंचला दिला.
"भावाची पाटी रंगव. तुझं अक्षर चांगलंय."

त्या आठवड्यात आमच्याकडं मीठ होतं, गोडंतेल होतं.
आई दोनदा विचारून गप्प बसली.

पुढं बँकेत नवी नाणी आली,
कातरल्या कडांची, फुंकरीनं उडतील अशी.
परतलेले बिल्ले खाजाभाईनं मधोमध भोकं पाडून
शाळेच्या छपरावर खिळ्यांखाली ठोकले, वायसर म्हणून.

खालून दिसत नाहीत.
एकदा मी शिडी लावून चढलो होतो.
खिळ्यानं अक्षर फाटलेलं, गंज चढलेला;
उरलाय तो उकार, कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं.
चाळीसपर्यंत मोजले,
तेवढ्यात खालून शिपाई ओरडला,
कोण हाय रे वर?