शीट नंबर सात

एकतीस वर्षं मी लोकांच्या हद्दी उतरवून घेतल्या
ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईनं, श्वास रोखून.
रेघ केसभर सरकली
तर जमिनीवर हातभर सरकते,
आणि हातभर जागेपायी माणसं कोर्टात म्हातारी होतात.

निवृत्तीला शाल मिळाली, घड्याळ मिळालं.
घड्याळ बंद पडलं. हात अजून कापत नाही.

परवा भांडुपहून टिपणीस आले, सोसायटीचे सेक्रेटरी.
'सी विंगच्या पार्किंगमध्ये पाणी चढतं हो.
पाऊस नाही, पाइप फुटलेला नाही.
तीन प्लंबर झाले.'
मी विचारलं, तिथी कोणती असते?
ते बघतच राहिले,
जणू मी त्यांच्या मोटारीची पत्रिका मागितली.

माळ्यावरनं नळकांडं काढलं.
गावनकाशा, शीट नंबर सात, माझ्याच हातची प्रत,
एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली दोन शेतं.
त्यावर सोसायटीचा प्लॅन ठेवला, खिडकीच्या काचेला लावला,
उजेड आत शिरला
आणि खालून वर आली
एक वाकडी, अंगठ्याएवढी निळी फाटी,
खाडीपासून सुटून खाजणातनं
मिठाच्या कोंड्यांना वळसा घालत
थेट एकशे चार ते एकशे अकरा नंबरच्या गाड्यांखाली.

टिपणीस म्हणाले, म्हणजे आम्ही नाल्यात राहतो?

सही करायला गेलो तेव्हा वॉचमननं
मागच्या चाळीतून चांगुणाबाय भोईरना आणलं.
चष्मा नाही, अक्षर येत नाही.
बॉनेटवर पसरलेल्या कागदावर बोट टेकवलं
आणि बोट चालायला लागलं,
मी ज्या वळणावर दोनदा पेन उचललं होतं
तिथं न थांबता.
'नाला नाय रं बाबा. ही आमची चोंढी.
हितं माज्या सासऱ्याची होडी लागायची.
हितं बंदाला भोक परलं व्हतं,
तवा आख्खा गाव रातभर चिखलान.'
बोट थांबलं. 'आनी हितं काय लिवलंय?'

पडीक, मी वाचलं.
जुनाच शेरा. मीच उतरवला होता,
वळणदार, एका ओळीत, बक्षीस मिळावं असा.

'पडीक?' बाई हसल्या नाहीत.
'निवट्या धरल्या मी हितं, चिंबोऱ्या धरल्या.
चार पोरां मोटी झाली हिच्याव.
पडीक कोनाची?'

टिपणीसांनी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.
मी काय सांगणार?
साखळी टाकणारा माणूस भरतीला आला नसेल.
किंवा आला, उभा राहिला, चिखल बघितला,
आणि रकान्यात लिहायला
निवट्या हा शब्द त्याच्यापाशी नव्हता.
त्याच्या मागून मी. माझ्या मागून कॉम्प्युटर.
तिघांनी एकच शब्द जपून ठेवला.

तरी एवढं खरं, की त्यानं पाणी मांडलं होतं.
मालक नसलेलं, सारा न भरणारं पाणी,
पण आहे तर आहे म्हणून मांडलं.
पुढे कुणी भराव टाकला, कुणी पायाभरणीचा नारळ फोडला,
कुणी रस्त्याला झाडाचं नाव दिलं;
पाण्याला यातलं काही कळवलं नाही,
आणि ते आपलं जुन्या पत्त्यावर येत राहिलं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो.
दुपारी पाऊण वाजता एकशे सात नंबरजवळच्या झाकणानं
आधी नुसता श्वास सोडला.
मग कडेकडेनं ओल. मग वास.
बाई म्हणाल्या, 'आली.'
माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं.

एकतीस वर्षांत मोजल्याशिवाय मी ठिपकाही दिला नाही.
त्या दिवशी एकशे नऊच्या टपावर कागद धरला,
खिशातली पेन्सिल काढली,
पडीक खोडलं नाही (सरकारी शेरा खोडता येत नाही)
त्याच्या खाली, बारीक, विचारून विचारून लिहिलं:
निवट्यांची जागा. होडी लागायची. बंद फुटला ती रात्र.

'कंच्या साली?' मी विचारलं, त्यांच्याच बोलीत.
त्या बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या.
'थोरला रांगत व्हता,' म्हणाल्या.

तेही लिहिलं.