गारवा जाईपर्यंत

फ्रिजमधून काढली की कुपी लगेच टोचायची नसते.
अर्धा तास टेबलावर ठेवायची,
गारवा जाऊ द्यायचा.
तो अर्धा तास दस्तगीरमामूंचा.
महिन्यातला पहिला बुधवार, मिरज, इंजेक्शनची खोली,
खिडकीखाली जतच्या, विजापूरच्या, अथणीच्या गाड्या
पेशंट उतरवतायत.

मामू तंबोरे करतात.
"सिस्टर, आधी अंगठी बोलली," पहिल्या भेटीत म्हणाले होते,
"मग चप्पल. आठ नंबर, नऊ, दहा.
बावन्नाव्या वर्षी कुणी वाढतं का?
घरची म्हणते, घोरता असे की खर्जाची तार लाजेल."
कपाळ पुढं आलेलं, दातांत फटी,
जुनी गिऱ्हाइकं दारातच थबकायची, दुकान चुकल्यासारखी.
तरी डॉक्टरकडे ते आले ते धाग्यासाठी.
जवारीचा सुती धागा,
घोडीवर तारेखाली केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि तार उमलते.
तो धागा बोटांना लागेनासा झाला.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यात एक गाठ, वाढ वाढ म्हणत राहिलेली.
नाकातून जाऊन काढली.
थोडी रक्तवाहिनीला बिलगून होती, ती राहिली.

त्या उरलेल्या गाठीसाठी हे औषध.
शरीर मुळात स्वतःच बनवतं: सोमॅटोस्टॅटिन,
चौदा मण्यांची माळ,
तिसरा मणी चौदाव्यात अडकवलेला.
काम एकच, पुरे म्हणायचं.
वाढीच्या हार्मोनला पुरे, इन्सुलिनला पुरे,
जठरातल्या आम्लाला, आतड्याच्या घाईला.
कुणाला मारत नाही, दारावर नुसता हात ठेवते,
आणि दोन-तीन मिनिटांत विरून जाते.
एवढ्याशा वेळेत मामूंचं काय भागणार?
म्हणून कुणीतरी आठ मण्यांची नक्कल केली,
कामाचे चार मणी होते तसे ठेवून,
बारीक दाण्यांत भरली.
स्नायूत पेरली की महिनाभर पाझरते.

मामूंना हे सांगितलं तेव्हा म्हणाले,
"घोडी घासताना अवघड काय असतं?
शेवटचा हात.
तो मारायचा नसतो."

परवा रात्री वॉर्डात हेच औषध,
पण सलाईनमधून, थेंब थेंब.
तासगावचा बेदाण्याचा अडत्या, लिव्हर गेलेलं,
दोन तसराळी रक्त ओकलेला.
पोटातल्या शिरांकडं जाणारा ओघ आवळत
औषधानं त्याला चारपर्यंत धरून ठेवलं.
चारला दुर्बीणवाले डॉक्टर आले, चपला दोन वेगवेगळ्या.
आणि कवलापूरच्या त्या बाई,
वर्गात शिकवता शिकवता ज्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा,
दिवसातून बारा वेळा पळावं लागायचं.
पोरं म्हणायची, बाई चिडल्या.
आतड्यात गाठ होती.
त्या आता सलग दोन तास घेतात.

फुकट काही नाही.
मामूंची साखर वर-खाली होते,
पित्ताशयात दोन खडे दिसलेत,
आणि एका इंजेक्शनला एक तंबोरा जातो.
"भोपळा मंगळवेढ्याचा, लाकूड माझं,
आणि वाजतोय माझ्या कुल्ल्यात," म्हणून हसतात.
कपाळाचं हाड मागं जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे.
सूज उतरली तेवढी.
अंगठी आता मधल्या पेरापर्यंत येते, तिथं अडते.

आज त्यांनी रुमालातून धाग्याचा तुकडा आणला.
"बघा, लागतो का हाताला."
मी ग्लोव्ह काढला. चिमटीत धरला, डोळे मिटले.
लागला. मला वाटतं, लागला.
मग त्यांनी घेतला, अंगठ्यावर ठेवला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मी कुपीला हात लावून पाहिलं.
अजून गार होती.