खसखस

ब्रनो शहर. चौथा मजला. रात्रीचे साडेअकरा.
ट्रामची शेवटची फेरी संपवून आलेला व्लास्तिमिल
टेबलावर मांडतो
बिनसुईची सिरिंज, बाहुलीच्या दवाखान्यात शोभेल एवढी,
तपकिरी बाटली, एक विटका टॉवेल,
आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी:
दिवसातून दोनदा. दहा दिवस. एक थेंब.

एक थेंब!
तीस मीटरची ट्राम मी बर्फातून चढणीवर नेतो,
असं तो म्हणाला होता परवा, दवाखान्यात,
आणि बाई नुसत्या हसल्या होत्या.

जर्बिलचं नाव माक.
त्यांच्या बोलीत माक म्हणजे खसखस.
नाव ठेवलं अपोलेनानं,
जी एक आठवडा इथे असते, एक आठवडा आईकडे ओलोमोउत्सला.
खसखस मात्र कायम इथेच,
कारण आईला शेपट्या सोसत नाहीत.

पहिल्या दिवशी उकडलेल्या भोपळ्यात कालवून दिलं.
तिनं हुंगलं. मिशा थरथरल्या. पाठ फिरवली,
आणि मागच्या पायांनी भुसा उडवत उडवत
अख्खी वाटी पुरून टाकली.
दहावं-बारावं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यफुलाच्या बीला लावून दिलं.
तिनं बी फिरवलं, फिरवलं,
कडू लागलेलं टोक तेवढं बाजूला ठेवलं
आणि बाकीचं खाल्लं, जुन्या कारकुनासारखं,
चोख.

तिसऱ्या दिवशी टॉवेल.
शेपटीला धरू नका, कातडी हातात येते,
असं बाईंनी बजावलेलं. मग धरायचं कुठे?
साठ ग्रॅमचा जीव,
पण टॉवेलात शिरला की पारा.
औषध त्याच्या बाहीवर, चष्म्यावर,
भिंतीवरच्या कॅलेंडरात, नेमकं गुरुवारवर.

रोज सात वाजता, शेवटच्या थांब्यावर, फोन.
“दिलंस?”
“दिलं की.”
“अजून आवाज येतो का तिच्या छातीतून?”
येतो.
रात्री पिंजऱ्याला कान लावला की येतो,
कट्... कट्...
थंडीत गोठलेला सांधा रूळ बदलायला बघतो
आणि बदलत नाही, तसा.
हा आवाज त्याच्याएवढा कुणाला ओळखू येणार?
“नाही गं,” तो म्हणतो.

धोका आला की जर्बिल मागचा पाय आपटते,
टप टप टप,
बिळातल्या सगळ्यांना कळावं म्हणून.
बिळात दुसरं कुणी नाही.
हातात सिरिंज घेऊन तो उभा,
ती आपटते आहे,
आणि त्याला उगाच आठवतं
राडमिलाशी आवाज चढला की
आतल्या खोलीत हळूच लागणारी कडी.

तो खाली बसला. फरशीवरच.
टॉवेल बाजूला टाकला.
बराच वेळ काहीच केलं नाही.

मग ती आली, सवयीनं, तळहातावर,
आणि त्याचा हात कापला,
आणि थेंब पडला तिच्या पुढच्या पंजांवर.

ती थांबली.
पंजाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं,
तिकीट नसलेल्या उतारूकडे बघावं तसं.
आणि बसली चाटायला.
एक पंजा. दुसरा. मग तोंड पुसलं, मग कान,
मग पुन्हा पंजा, कारण अजून चिकट होता.
व्लास्तिमिल श्वास धरून. सिरिंज हवेत.

ओलोमोउत्सला मध्यरात्री फोन वाजला.
“एवढ्या रात्री? कोण गेलं?” राडमिला.
“कुणी नाही. अपोलेनाला उठव.
तिनं घेतलं म्हणावं. स्वतःच्या हातानं.”

मग झोपाळू आवाज: “ताती?”
त्यानं सगळं सांगितलं, कॅलेंडरसकट.
आधीचे तीन दिवसही सांगितले.
“माहीत होतं,” ती म्हणाली.
“तू ‘दिलं की’ म्हणतोस ना, तेव्हा कळतं.”

आणि तिकडे खसखस पिकली,
आधी एकीची, मग मागून दुसरीचीही,
उशीत दाबलेली.

इकडची खसखस कागदाच्या नळीत शिरून
झोपायची जागा कुरतडते आहे.
कट्.
कट्.
वीस थेंबांतला एक झाला.
त्यानं सिरिंज धुऊन उलटी वाळत ठेवली,
आपल्या कपाशेजारी.