कपाळाच्या वर

आचल बोलते तेव्हा माझ्या डोक्यावर पाहते,
तिथं एखादं पाखरू येऊन बसलंय, असं.
शाळेतल्या बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं:
नजरेला नजर देत नाही. उर्मट आहे.
मीही मारलं तिला त्यावरून.
एकदाच. पण मारलं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, दिवा धरला,
म्हणाल्या, नजरेचा मधला भाग गेलाय,
कडा शिल्लक आहे थोडी.
वर पाहून ती खालच्या कडेत तुम्हाला शोधते.
उर्मट नाही हो. तुमच्याकडेच पाहतेय ती.

डोळ्याच्या मागे एक पडदा असतो, त्या सांगू लागल्या.
मी वडशाच्या नाटक कंपनीत बावीस वर्षं पडदा ओढतो,
दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगाव, रात्र रात्र.
राजवाड्याचा, जंगलाचा, गरिबाच्या झोपडीचा.
उंदरांनी कुरतडलेला जंगलाचा पडदा
तिसऱ्या अंकाआधी शिवून उभा केलाय मी.
असं काही करता येतं का, विचारायचं होतं.
विचारलं नाही.

पेशीपेशीत कचरा साठतो, म्हणाल्या,
तो झाडणारं कुणी तिथं जन्मालाच आलं नाही.
आधी डोळे. मग झटके. मग चाल, मग बोली.
शेवंता दिवसातून दोनदा अंगण झाडायची.
आता कितीदा झाडते, मी मोजत नाही.

मग कागदावर चौकोन काढला, तो मी.
गोल काढला, ती शेवंता.
मधे एक रेघ. थांबल्या. विचारलं,
लग्नाआधीचं काही नातं?
मामाची पोरगी, मी म्हणालो.
त्यांनी रेघ दुहेरी केली.
हळद लागली तेव्हा माय सगळ्यांना सांगत होती,
घरचं सोनं घरातच राह्यलं.
मायले हे अजून सांगितलं नाही.

चैतात पहाटे आम्ही मोहाखाली जातो.
टॉर्च माझ्यासाठी. तिला लागत नाही.
बाबा, फूल पडते त्याचा आवाज येते,
तुमाले कसा नाही येत?
टोपली तिचीच आधी भरते,
पाचोळ्यासकट, एखाद्या खड्यासकट.
घरी येऊन मी गुपचूप निवडतो.

सुजल साडेतीन वर्षांचा.
त्याच्या रक्ताची नळी हैदराबादला गेलीय.
सहा आठवडे लागतील म्हणाले, हा पाचवा.
काल जेवताना त्यानं मान वर केली
आणि माझ्या डोक्यावर पाहत बसला.
हसला. म्हणाला, मी ताई.
शेवंताच्या हातातली पळी वरणातच राहिली.
मी त्याची हनुवटी धरली,
म्हटलं, बस झालं नाटक, माझ्याकडे पाह्य.

तो अजून वरच पाहत होता.